मागितले किती, मिळाले किती?

गतवर्षी शाळेच्या ग्रंथालयातील मराठी पुस्तकांची यादी संगणकावर चढविण्याचे काम आम्हां विद्यार्थ्यांकडे आले. यादी वर्णानुक्रमे होती, आणि जुन्या वहीच्या रीतीप्रमाणे 'क्ष' व 'ज्ञ' ही अक्षरे सर्वांत शेवटी होती. संगणक-कक्षातील यंत्रावर टंकलेली ही यादी तारेवरून ग्रंथालयातील यंत्राकडे पाठवावी, म्हणून आम्ही सी भाषेत एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. तो चालला, 'काम पूर्ण झाले' असे त्याने जाहीरही केले. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी विचारले, "का रे, आपल्याकडे ज्ञानेश्वरी नाही वाटते?" यादी 'भ'वरच संपली होती! पुन्हा पाठविली तेव्हा ती 'स'पर्यंत गेली. तिसऱ्या खेपेस तिने 'ग'सुद्धा ओलांडला नाही. प्रोग्रॅमने मात्र तिन्ही वेळा 'काम पूर्ण झाले' असेच सांगितले. ही चूक शोधताना जे शिकावयास मिळाले, ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

युनिक्स ही संगणक-प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून जन्मास आली. सी भाषा ही रिची यांची त्यानंतरची निर्मिती. आमच्या यंत्रांवरील लिनक्स ही प्रणाली वंशाने नव्हे, तरी वळणाने युनिक्सचीच. या प्रणालीत फाइल हाताळावयाची म्हणजे तिचे नाव सांगून 'ओपन' ही आज्ञा करावयाची. त्या बदल्यात प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, एक लहानसा पूर्णांक देतो. हाच फाइल डिस्क्रिप्टर. देवळाबाहेर जोडे ठेवताना बिल्ला मिळतो, तसाच हा प्रकार. ०, १ व २ हे बिल्ले आरंभीच वाटलेले असतात, म्हणून आपण उघडलेल्या पहिल्या फाइलीस बहुधा ३ हा क्रमांक मिळतो. बिल्ल्यामागे तबकडीवरील फाइल आहे, कळफलक आहे की दूरच्या यंत्राकडे जाणारे सॉकेट आहे, याची प्रोग्रॅमला फिकीर करावी लागत नाही. वाचावयास 'रीड', लिहावयास 'राइट', आज्ञा त्याच. या सोयीतच आमची चूक दडली होती.

'रीड'ला आपण सांगतो की, या बिल्ल्यावरून ८१९२ बाइट आणून दे. ते एक संख्या परत देते. ती ८१९२ असू शकेल. पण १४४८ आली तरी त्यात 'रीड'चा काही अपराध नाही. ८१९२ ही मागणीची वरची मर्यादा आहे, तितके देण्याचे वचन नव्हे. तबकडीवरील फाइल असेल तर शेवट येईपर्यंत सहसा मागितले तितके मिळते. कळफलकावरून एक ओळ मिळते, आणि सॉकेटवरून त्या क्षणी जितके येऊन पोहोचले असेल तितकेच. आमच्या प्रोग्रॅमने समजूत करून घेतली होती की, कमी मिळाले म्हणजे फाइल संपली. एकाच यंत्रावर चाचणी घेतली तेव्हा ही समजूत बाधली नाही. तार मध्ये आली, आणि जेथे ओघ क्षणभर रोडावला तेथे यादी तुटली.

फाइल संपल्याची खूण एकच: 'रीड'ने शून्य देणे. उणे एक म्हणजे चूक. त्याहून मोठी संख्या आली तर तितके बाइट बफरात ठेवावे, बफरातील जागा तितकीच पुढे सरकवावी, मागणी तितकीच घटवावी आणि पुन्हा मागावे. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी युनिक्समधील जालरचनेवरील आपल्या १९९० च्या पुस्तकात याच कामासाठी 'रीडएन' व 'राइटएन' अशी दोन छोटी फलने दिली आहेत. येथे एक धोका सांगून ठेवतो. उत्तर साठविण्यासाठी चिन्हरहित पूर्णांक वापरला, तर चौसष्ट बिटांच्या यंत्रावर उणे एकाची वीस अंकी प्रचंड संख्या बनते, आणि 'शून्याहून लहान आहे काय?' ही परीक्षा कधीच लागू पडत नाही.

मराठी लिहिणाऱ्यांस याचा आणखी एक जाच आहे. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत 'क' हे अक्षर २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांचे असते; 'ज्ञ' तर ज, हलन्त व ञ मिळून नऊ बाइटांचा. 'रीड' बाइट मोजते, अक्षरे नव्हेत. 'क'चे दोन बाइट या खेपेत व तिसरा पुढच्या खेपेत, असे सहज घडते. हाती आलेला प्रत्येक तुकडा लगेच पडद्यावर छापू गेल्यास सांध्यावर अक्षराऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात. अपुरे अक्षर पुढील तुकड्यासाठी राखून ठेवणे, हाच उपाय. इंग्रजी मजकुरावर ही चूक सहसा उघडकीस येत नाही. आमच्या लिपीने ती पकडून दिली, याचा आम्हांस थोडा अभिमानच वाटला.

'राइट'चीही हीच तऱ्हा. तबकडीत जागा थोडी उरली असेल तर मावेल तितके लिहून ते तेवढीच संख्या देते. जागा संपल्याची तक्रार पुढच्या मागणीस ऐकू येते. येथेही उरलेले पुन्हा लिहावयाचे.

आता उणे एकाविषयी. प्रत्येक उणे एक म्हणजे खरे अपयश नव्हे. प्रगती दाखविण्यासाठी आम्ही दर सेकंदास एक सिग्नल येण्याची योजना केली होती. 'रीड' वाट पाहत असता सिग्नल आला की ते रिकाम्या हाताने परतते, आणि 'एर्नो' या चलात 'ई-इन्टर', म्हणजे 'व्यत्यय आला', असे कारण ठेवते. अशा वेळी फक्त पुन्हा मागावयाचे. कर्नलनेच आपण होऊन पुन्हा का मागू नये? हा वाद जुना आहे. रिचर्ड गेब्रियल यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याच प्रश्नाचे उदाहरण घेऊन दाखविले की, युनिक्सच्या कर्त्यांनी गाभा सोपा ठेवला आणि भार प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर टाकला. पुढे सिग्नल जोडतानाच 'एस-ए-रीस्टार्ट' ही खूण देण्याची सोय झाली. पण ती सर्व आज्ञांना लागू नाही, म्हणून फेरा लिहावाच लागतो. पायथॉन भाषेने २०१५ सालच्या ३.५ या आवृत्तीत हा फेरा स्वतःकडे घेतला. सीमध्ये तो ज्याचा त्याने घालावयाचा.

'राइट' यशस्वी झाले म्हणजे मजकूर तबकडीवर गेला, असेही नव्हे. तो कर्नलच्या स्मृतीत गेला, इतकेच. तबकडीपर्यंत पोहोचविण्यास 'एफसिंक' करावे लागते. ते फसले तर? पुन्हा करावे, असेच कोणीही म्हणेल. परंतु पोस्टग्रेस या विदासंग्रह-प्रणालीच्या कर्त्यांना २०१८ साली आढळले की, लिनक्सवर पहिले 'एफसिंक' फसल्यावर दुसरे यशस्वी म्हणून परतू शकते, आणि मजकूर मात्र हरवलेला असतो. २०१९ पासून ती प्रणाली अशा प्रसंगी सरळ थांबते आणि आपल्या नोंदवहीवरून सर्व पुन्हा उभारते.

'क्लोज'ची गोष्टही अशीच उलटी. लिनक्सवर त्याने 'ई-इन्टर' सांगितले तरी बिल्ला परत गेलेला असतो. 'रीड'च्या सवयीने पुन्हा 'क्लोज' केले, तर तेवढ्या अवधीत तोच क्रमांक प्रोग्रॅमच्या दुसऱ्या धाग्याने उघडलेल्या फाइलीस मिळालेला असू शकतो, आणि आपण ती बंद करून बसतो. म्हणून आमच्या सुधारलेल्या प्रोग्रॅमात 'रीड' व 'राइट' यांच्याभोवती फेरा आहे. 'क्लोज' मात्र एकदाच येते, त्याचे उत्तर पाहिले जाते, आणि चूक असल्यास 'काम पूर्ण झाले' याऐवजी ती चूक छापली जाते.