सायकलचं दुकान ते लोखंडी नांगर : एका ओळीमागचं सामान्य ज्ञान



स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत एक ओळ हमखास सापडते : 'किर्लोस्करांचा लोखंडी नांगर – १९०३'. आपण ती पाठ करतो, एक गुण मिळवतो आणि विसरून जातो. पण हा नांगर आपल्या बेळगावात तयार झाला आणि त्या एका ओळीत वाहतूक, गणित, तंत्रज्ञान आणि व्यापार असे चारही विषय आहेत. एकेक करून बघूया.

१. दुकान

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला झाला. 'संगीत शाकुंतल'कार अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नसत. मग ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान सुरू झालं. जोडीला बंधू रामूअण्णा होते, म्हणून नाव 'किर्लोस्कर ब्रदर्स'. पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावलाच आले.

२. सायकलचं गणित

समजा, पायडलजवळच्या चक्राला ४८ दाते आहेत आणि मागच्या चक्राला १६. साखळी एकच असल्यामुळे पायडल एकदा फिरलं की मागचं चाक ४८ ÷ १६ = ३ वेळा फिरतं. चाकाचा व्यास २८ इंच धरा. परीघ = २२/७ × २८ = ८८ इंच. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल ३ × ८८ = २६४ इंच, बरोबर २२ फूट पुढे जाते. एका मैलात ५,२८० फूट, म्हणजे फेऱ्या २४०!

आता हे फुकटात मिळतं का? नाही. अंतर तिप्पट मिळालं की जोरही त्याच प्रमाणात जास्त लावावा लागतो. म्हणून तर चढावर आपण सायकलवरून उतरतो. अंतर हवं की जोर, हा हिशेब प्रत्येक यंत्राला करावा लागतो.

३. कडबा आणि नांगर

सायकलनंतर किर्लोस्करांनी कडबा कापायचं यंत्र केलं. त्यात पाती एका जड चाकावर बसवलेली असतात. चाक एकदा वेगात आलं की त्याच्या वजनामुळे ते फिरत राहतं आणि कापताना दर वेळी हाताला झटका बसत नाही. जनावरांना अख्खी ताटं टाकली की बरीच वाया जातात; बारीक केलेला कडबा ती संपवतात.

मग आला नांगर. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण माती फारशी उलटत नाही. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळवलेला पत्रा असतो. त्यामुळे मातीचा थर पालथा होतो, तण गाडलं जातं, खालची माती वर येते.

४. विकायचं कसं?

वस्तू चांगली असली म्हणजे ती खपतेच असं नाही. लोखंडामुळे जमिनीत विष कालवलं जाईल, अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. ज्याचं अख्खं वर्ष एका पिकावर अवलंबून आहे, तो नव्या वस्तूवर लगेच विश्वास कसा ठेवणार? सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. विश्वास बसला तो नांगर शेतात चालताना पाहिल्यावर.

तेवढ्यात शहराच्या वाढीसाठी बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात माळरान दिलं. जवळ कुंडल रोड रेल्वे स्टेशन होतं. कच्चं लोखंड आणायला आणि जड नांगर पाठवायला रेल्वेच हवी! १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे स्टेशनलाही तेच नाव मिळालं. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नांगरांसाठी जुन्या तोफा दिल्या. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याने तलवारींचे फाळ होतील असं सांगितलं आहे. इथे तोफांचे झाले.

आणि आपल्या मंडळाच्या जिव्हाळ्याची गोष्ट : याच कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि पाठोपाठ 'स्त्री' व 'मनोहर' आली. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या या मासिकांवर वाढल्या.

५. करून पाहा

आपल्या सायकलचे पुढचे-मागचे दाते मोजा, चाकाचा व्यास मोजा आणि घर ते कॉलेज किती फेऱ्या होतात ते काढा. मग प्रत्यक्ष मोजून ताळा करा. उताराला पायडल न मारता जाता, म्हणून उत्तर थोडं कमी येईल. ते का, हेही लिहून ठेवा.

सीमाभागातल्या आपल्यापैकी बरेच जण नोकरीच्या परीक्षांना बसतात. तिथे '१९०३' आलं की काम होतं, हे खरंच आहे. पण उद्या कुणी स्वतःचं दुकान किंवा वर्कशॉप काढलं, तर सन उपयोगी पडणार नाही. दात्यांचा हिशेब, गिऱ्हाइकाची भीती ओळखणं आणि स्टेशन कुठे आहे ते आधी बघणं, हेच कामाला येईल. तेव्हा सन पाठ करा, पण त्याच्या पुढे वहीत 'का?' असंही लिहा.