ट्राम गेली, जागा राहिली

मुलांनो, दादरला 'टी. टी.' नावाचा भाग आहे. ही अक्षरे कशाची, असे तुम्ही कधी कोणाला विचारले आहे का? ती 'ट्राम टर्मिनस'ची आहेत. तेथे आता ट्राम येत नाही. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले आहे.

मुंबईत ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. तेव्हा ती घोडे ओढत असत. १९०७ साली ती विजेवर धावू लागली. गिरणी कामगारांसाठी ते स्वस्त वाहन होते. पुढे बसगाड्या व मोटारी वाढल्या. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. उर्दूत आपण ज्यांना 'पटरी' म्हणतो, ते रूळ काही ठिकाणी उखडले गेले, काही ठिकाणी डांबराखाली गाडले गेले. ट्रामची सारी जागा मोटारींना मिळाली.

न्यूयॉर्क शहरात निराळे घडले. तेथे रस्त्यापासून सुमारे ३० फूट उंचीवर मालगाडीचा मार्ग होता. १९८० साली गाड्या बंद पडल्या आणि रुळांमध्ये रानगवत उगवले. मार्ग पाडून टाकावा, असे काहींचे म्हणणे होते. परंतु रहिवाशांनी १९९९ साली संस्था काढून तो वाचवला. २००९ साली तेथे 'हाय लाइन' ही बाग खुली झाली. फुलझाडांत जुने रूळ राखले आहेत, कलाकारांची शिल्पे मांडली जातात आणि तिकीट लागत नाही. मात्र आसपासची घरे फार महाग झाली. म्हणून बाग कोणासाठी करायची, हे आधीच ठरवावे लागते.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे. दादर टी. टी.च्या पुढे, त्याच डॉ. आंबेडकर मार्गावर, माटुंग्याला उड्डाणपूल आहे. त्याखालची जागा मोकळी राहावी म्हणून रहिवाशांनी नेटाने पाठपुरावा केला. २०१६ साली तेथे बाग झाली. तिच्यातील चालण्याची वाट नर्मदा नदीसारखी वळणे घेत जाते.

तुमच्यापैकी पुष्कळ जण गल्लीत क्रिकेट खेळतात. मोटार आली की स्टंप उचलावे लागतात, होय ना? मग आपल्या वस्तीत पडून असलेली एखादी जागा शोधा. ती पावलांनी मोजा. तेथे काय हवे, ते मोठ्यांना सांगा. रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. आपण मागितली नाही, तर दुसरे कोणीतरी ती घेते.

स्वाध्याय
१. 'टी. टी.' म्हणजे काय?
२. हाय लाइनमुळे कोणता लाभ झाला व कोणती अडचण आली?
३. तुमच्या वस्तीतील रिकाम्या जागेविषयी महापालिकेला पत्र लिहा.