टोचल्यानंतरचे दोन महिने

कान पिकला की आपल्याकडे सगळा दोष टोचणाऱ्याच्या माथी जातो. सोनाराचा हात जड होता, तार बोथट होती, दिवसच बरा नव्हता. अनुभवाअंती माझं मत मात्र वेगळं झालं आहे. टोचणं क्षणभराचं काम, त्यात चुकायला जागा थोडी. कान बिघडतो तो पुढच्या सहा-आठ आठवड्यांत, आणि बहुतेक वेळा हौसेने लगेच अडकवलेल्या कानातल्यामुळे. पाळीचं भोक आतून नवी कातडी धरायला साधारण तेवढा वेळ घेतं. तोवर ती आरपार जखमच असते. म्हणून तिच्यात जे घालायचं ते मलमपट्टी निवडावी तसं निवडलं पाहिजे, शोभेचा विचार नंतर. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या दिघीत तर हे अधिकच लागू आहे. इथे हवा खारट, घाम बारमाही, आणि पुष्कळ घरांत हाताला मासळी लागलेली.

आधी धातूचं पाहू. नकली दागिन्यात बहुधा आत पितळ, वर निकेलचा थर आणि त्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो. घामातलं मीठ हा मुलामा झिजवतं आणि निकेल सुटं करतं. ते जखमेतून अंगात गेलं की शरीर त्याला कायमचं शत्रू मानू शकतं. मग पुढे घड्याळाचा पट्टा आणि पँटचं बटणसुद्धा खाज आणतं. युरोपने या कारणासाठी १९९४ सालीच निकेलवर मर्यादा घातली. टोचलेल्या भोकात बसणाऱ्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटता कामा नये, असा तिथला आताचा नियम आहे. आपल्याकडच्या जत्रेतल्या कानातल्याच्या पुठ्ठ्यावर निकेलचा उल्लेखही नसतो. या बाबतीत जुनी सोनारी पद्धत शहाणी होती. बावीस कॅरेट सोन्याच्या बारीक तारेचं टोक तासायचं, तीच तार पाळीतून ओवायची आणि वळवून तिची बाळी करायची. बावीस कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, बाकी सहसा तांबं आणि चांदी. एक खाचखळगा मात्र आहे: दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही आणि लहान बाळी नेमकी त्याच वजनात येते. तेव्हा ओळखीचा सोनार असला तरी कॅरेट लिहिलेली पावती मागावी. पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकतं, ते पहिल्या दोन महिन्यांत नको. सोनं परवडत नसेल तर वैद्यकीय दर्जाचं टायटॅनियम घ्यावं. चांदी घामाने काळवंडते, ती भोक बरं झाल्यावर.

यावर कुणी म्हणेल, आमच्या आज्यांनी तर केरसुणीची नाहीतर कडुनिंबाची काडी घालून भोकं टिकवली, त्यांना काय झालं? पुष्कळ जणींना काही झालं नाही, हे खरं. काडीत निकेल नव्हतं, ती हलकी होती, आणि खराब झाली की फेकून नवी घालता येत होती. सुश्रुतसंहितेतही कान टोचल्यावर कापसाची वात घालायची आणि तीन-तीन दिवसांनी ती बदलत जाड करत न्यायची, असंच सांगितलं आहे. तत्त्व बरोबर आहे, साधन जुनं झालं. काडीची कुसळं आत राहतात आणि जमिनीवर फिरलेली केरसुणी कानात घालण्यासारखी नाही, हे आज कुणाला पटवून द्यावं लागू नये.

सोनाराच्या पद्धतीतही उणीव आहेच. तार उकळलेली नसते, हात धुतलेला असेलच असं नाही. तेवढं तरी आग्रहाने करून घ्यावं. पण बाजारात ज्याला आधुनिक म्हणून पसंती मिळते, त्या टोचायच्या बंदुकीबद्दल मी जास्त साशंक आहे. ती बोथट टोकाची दांडी स्प्रिंगच्या जोराने दाबून आरपार घालते, आणि जुन्या धाटणीची असेल तर तिचे प्लास्टिकचे भाग नीट निर्जंतुक करता येत नाहीत. शिवाय मागची फिरकी पाळीला घट्ट चिकटून बसते. ही फिरकी एकदा बारकाईने पाहावी. दोन दिवसांत तिच्या वळशांत लस सुकून पिवळी खपली धरते, तिच्यात केस आणि साबण अडकतो, पाळी सुजली की फिरकीची कड मांसात रुतते आणि कधी कधी पाळी ती गिळूनच टाकते. बाळी मोकळी हलते, सुजेला जागा देते. दांडीचंच कानातलं घ्यायचं तर दांडी लांब असावी आणि मागची चकती सपाट.

समुद्रकाठी आणखी एक समज पक्का आहे: खारं पाणी जखमेला चांगलं, म्हणून समुद्रात डुबकी मारली की कान लवकर सुकतो. जखम धुवायचं सलाइन म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम मीठ. समुद्रात ते पस्तीस ग्रॅमच्या आसपास असतं, आणि कोमट खाडीत व्हिब्रिओसारखे जखमेतून शिरणारे जंतूही. जेट्टीजवळच्या पाण्यात डिझेलची भर. मीठ चालेल, समुद्र नको. औषधाच्या दुकानातलं सलाइन कापसावर घेऊन दिवसातून दोनदा खपली भिजवून पुसली की पुरे. हळद-तेलाचा लेप ऐकायला चांगला, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तेलात घोटून ती भोकाच्या तोंडाशी बसते. लस बाहेर यायची वाटच बंद होते. स्पिरिटने नवी कातडी जळते. कानातलं सारखं फिरवत राहण्याचा सल्लाही सोडून द्यावा, त्याने सुकत आलेली जखम पुन्हा उघडते.

मग मासळीत हात असणाऱ्या बाईने दुसरं भोक पाडायचं तरी कधी? मला वाटतं, पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, म्हणजे एकसष्ट दिवस, जवळजवळ पाळी बरी व्हायला लागणारा काळ. नारळी पौर्णिमेला दागिना चढवायला कान तयार. पावसाळी दमटपणा वाईट, हा आक्षेप चुकीचा नाही. पण दमट कान कोरड्या कापडाने टिपता येतो, ताज्या मासळीत दिवसभर बुडालेल्या हाताला कानापासून दूर ठेवणं अवघड. सुक्या मासळीचं काम असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय कान चाचपू नये, एवढं पथ्य. तान्ह्या मुलींचं वेगळं. बाराव्या दिवसाची घाई न करता सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी होऊ द्याव्यात, कारण धनुर्वाताचं संरक्षण त्यांतूनच मिळतं.

हे सगळं पाळीपुरतं झालं. बुगडी आणि भिकबाळी कानाच्या वरच्या कडेत जातात, तिथे कूर्चा असते. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नाही, त्यामुळे भरायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि जंतू शिरले तर औषधही उशिरा पोचतं. कूर्चेत बंदूक कधीच चालवू देऊ नये. वरचा कान लाल, गरम, ठणकणारा झाला तर सलाइनवर दिवस काढू नयेत, त्याच दिवशी श्रीवर्धनला डॉक्टर गाठावा. पू कूर्चा खातो आणि कान कायमचा चुरगळतो. पाळीला नुसती खाज आणि कोरडे पापुद्रे असतील तर तो बहुधा धातूचा त्रास, कानातलं बदलून बघावं. एखाद्या जखमेचा व्रण फुगून वाढण्याची खोड घरात असेल, तर टोचण्याआधीच डॉक्टरला विचारलेलं बरं. बुगडीची हौस दाबाच्या बुगडीवर भागते आणि ती फोटोत ओळखूही येत नाही.

बरं झालेल्या कानालाही वजनाची मर्यादा असते. जड झुबे रोज घातले की गोल भोक आधी लांबट होतं, मग चीर होते, आणि एके दिवशी बाळाच्या मुठीत किंवा पदरात अडकून पाळी दुभंगते. यावर आपल्याकडे जुना उपाय होता तो वेलाचा. मोत्यांची ती सर झुब्याचा भार कानावरून केसांत नेऊन अडकवते. आता वेल नुसता शोभेचा झाला आहे, आकडा केसांत घट्ट न बसवता लोंबता ठेवतात, त्यामुळे उलट वजनात भरच पडते. लग्नाच्या दिवशी जड कानातलं घालावं, मांडवातून घरी आलं की काढावं. दुभंगलेली पाळी जागच्या जागी बधिर करून शिवता येते, काम तासाभराचंही नाही. पण पुन्हा टोचायला काही महिने थांबावं लागतं आणि नवं भोक शिवणीच्या रेषेवर न पाडता बाजूला घ्यावं लागतं, कारण व्रणाची कातडी ताण सोसत नाही.