हेड उतरवलेच आहे, तर व्हॉल्व्ह सील बदलाच

प्रश्न : घरीच मोटरसायकलचे हेड उतरवून व्हॉल्व्ह घासायला घेतले आहेत. जुनी सील चांगली दिसतात. तीच पुन्हा बसवली तर चालेल का?

उत्तर : नाही, नवीनच बसवा. सीलचे सारे काम त्याच्या रबरी ओठावर चालते. उष्णतेने कडक झालेला ओठही बाहेरून धडधाकट दिसतो, आणि सील गाइडवरून उपसताना तो दुखावतो. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू होताच निळसर धूर सोडत असेल, किंवा घाट उतरून पुन्हा रेस देताच धूर येत असेल, तर ऑइल बहुधा याच वाटेने उतरते आहे. धूर नसताना खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. पण सील स्वस्त असते. हेड पुन्हा उतरवायचे म्हणजे गॅस्केट आणि श्रम दोन्ही वाया. गाइडच झिजले असेल तर नवे सील टिकणार नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून आधी व्हॉल्व्ह गाइडमध्ये आडवा हलवून पाहा. ढिलाई मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर असेल तर गाइडचे काम मशीन शॉपकडे द्या. घासण्याची पेस्ट पूर्ण धुतल्यावरच सील बसवा. मग स्टेमला ऑइल लावून, लॉकची खाच प्लास्टिकने झाकून व्हॉल्व्ह आत सरकवा; खाचेची धार नवा ओठ क्षणात कापते.