जाहिरातीचे प्रमोशनल क्रेडिट : शहापूर-मुरबाडच्या व्यावसायिकांसाठी अनुभवाचे बोल

ऑनलाइन जाहिरातीचे नवे खाते उघडताना मिळणारे प्रमोशनल क्रेडिट म्हणजे रोख रक्कम नव्हे आणि सरसकट सूटही नव्हे. ठरलेल्या मुदतीत पदरचे ठरावीक पैसे जाहिरातीवर खर्च झाले, तरच ते खात्यावर जमा होते. ते बँकेत काढता येत नाही, दुसऱ्या खात्यात वळवता येत नाही आणि आधी झालेल्या खर्चातून वजाही होत नाही. गूगल अ‍ॅड्सच्या भारतातील नव्या खात्यांसाठी अनेकदा दिसणारी योजना ‘वीस हजार खर्च करा, वीस हजार मिळवा’ अशी असते आणि खर्चाची मुदत 60 दिवसांची.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत अशा जाहिरातींकडे प्रामुख्याने फार्महाऊस, कृषी पर्यटन आणि सहलींचे व्यावसायिक वळतात. गिऱ्हाईक कल्याण, डोंबिवली, ठाणे, मुंबईचे. ते आसनगावला उतरून माहुलीकडे जाते, नाहीतर मुरबाड-टोकावडेमार्गे माळशेज गाठते. धंद्याचा खरा जोर पावसाळ्यात. त्यामुळे मुदतीचे गणित इथे शहरापेक्षा कडक ठरते.

मुरबाड तालुक्यातील एका फार्महाऊसचे, म्हणजे प्रस्तुत लेखकाचे, खाते कल्याणच्या एका एजंटाने उघडले. ‘वीस भरा, चाळीसची जाहिरात घ्या’ हे त्याचे शब्द. जीएसटी त्यातच धरला आहे का, असे मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचारले होते. उत्तरादाखल अंगठा आला. खाते एजंटाच्या ईमेलवर असल्याने मालकाला दिसत ते फक्त स्क्रीनशॉट, आणि तेही क्लिकचे. पैसे संपल्यावर फार आग्रह केला तेव्हा प्रमोशनच्या पानाचा स्क्रीनशॉट आला आणि सगळा उलगडा झाला. आगाऊ भरलेल्या 20,000 रुपयांतून 18 टक्के जीएसटी आधीच वळता झाला होता. जाहिरातीसाठी उरले होते 16,949 रुपये. अट 20,000 रुपयांच्या निव्वळ खर्चाची, म्हणजे 3,051 रुपये कमी. मुदतीला अजून अवधी होता, तेवढे जीएसटीसह भरून खर्च केले असते तर काम भागले असते. एजंट म्हणाला, ‘साहेब, सिस्टीम अपडेट होईल, घाई करू नका.’ सिस्टीम अपडेट झाली नाही, मुदत मात्र संपली. नंतर फोन उचलणे बंद झाले आणि शेवटचा निरोप आला की अटी गिऱ्हाइकाने वाचायच्या असतात. स्वतःची फी त्याने पूर्ण आणि आगाऊ घेतली होती, हे वेगळे सांगायला नको.

यावरून निघणारा पहिला नियम हिशेबाचा. आगाऊ भरण्याच्या पद्धतीत 20,000 रुपये जाहिरातीवर खर्च व्हायचे असतील, तर 23,600 रुपये भरावे लागतात. नुसते भरून चालत नाही, मुदतीत ते खर्चही व्हावे लागतात. प्रमोशन कोड असेल तर पहिली जाहिरात दिसल्यापासून 14 दिवसांच्या आत टाकावा. अट पूर्ण झाल्यावरही क्रेडिट जमा व्हायला 35 दिवसांपर्यंत लागू शकतात. जुलैत खाते उघडणाऱ्याच्या हाती ते पडेपर्यंत धबधबे ओसरलेले असतात. पावसाळी धंद्यासाठी खाते एप्रिलमध्येच उघडलेले बरे.

खाते मालकाच्याच ईमेलवर आणि मालकाच्याच कार्डावर असावे; एजंटाला वापराची परवानगी तेवढी द्यावी, ती केव्हाही काढून घेता येते. चलन एकदा निवडले की बदलत नाही.

ठिकाण निवडतानाही जपावे. शहापूर कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात आहे, बेळगावातही आहे आणि इचलकरंजीलगतही आहे. शिवाय जाहिरात शहापुरात दाखवून उपयोग नाही. गिऱ्हाईक राहते ते कल्याण-ठाणे परिसरात, म्हणून ठिकाण तेच निवडावे. त्या ठिकाणात नुसता रस असलेल्यांनाही जाहिरात दाखवण्याचा पर्याय आधीपासूनच निवडलेला असतो, तो बदलावा. ‘माळशेज घाट हवामान’ किंवा एसटीचे वेळापत्रक शोधणारा मुक्कामाला येत नाही, त्याच्या क्लिकचे पैसे मात्र जातात. असे शब्द वगळण्याच्या यादीत टाकावेत. रोजचे बजेट ही सरासरी असते. एखाद्या दिवशी दुप्पट खर्चही होऊ शकतो.

बाकीचे नियम सर्वांना ठाऊक असलेलेच. अटी वाचाव्यात, बोलणे लेखी घ्यावे, पावत्या जपाव्यात, गोड बोलणाऱ्यावर भरवसा ठेवू नये.

क्रेडिट मिळालेच, तर तेही मुदतीत वापरावे लागते. गूगल अ‍ॅड्सच्या योजनांत ही मुदत साधारणपणे 60 दिवसांची असते. ते संपल्यावर जाहिरात आपोआप थांबत नाही. खात्यात शिल्लक असेल किंवा कार्ड जोडलेले असेल, तर पुढचा खर्च तिथून होत राहतो. म्हणून क्रेडिट संपण्याची तारीख नोंदवून ठेवावी आणि त्या आधीच जाहिरात स्वतः बंद करावी.