अंतर निम्मं कर, लेन्स दुप्पट होते

अगं, "ताई, १५०-६०० लेन्स हप्त्यावर घेऊ का?" असं तू विचारलंस, आणि फोनवर हो-नाही म्हणून सोडून द्यावा असा तो प्रश्न नाही. म्हणून लिहायला बसले. माझं मत आधीच सांगते: आत्ता नको, आणि कर्ज काढून तर मुळीच नको. तुझ्याकडे कॅनन १५००डी आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५. त्यावर आधी ५५-२५० घे. वर्षभर तीच वापर, मग बोलू.

तू म्हणशील, २५० मध्ये वाघ कसा यायचा? येतो, आणि छान येतो. हिशेबच करून बघ. शेपटी सोडली तर वाघाचं अंग साधारण पावणेदोन मीटर लांब. जिप्सीपासून वीस मीटरवरून तो आडवा चालला, तर तुझ्या कॅमेऱ्यावर २५० ला नाकापासून पुठ्ठ्यापर्यंत आख्खी फ्रेम तो एकटाच भरून टाकतो. तिथंच ६०० लावलीस तर डोकं आणि खांदा एवढंच मावतं. ताडोबात वाघ बऱ्याचदा गाडीरस्त्यावरूनच चालत येतो, तेव्हा लोकांची धांदल उडते ती झूम मागे घेण्यासाठी. आणि मला स्वतःला तर वाघाभोवतीचा बांबू, रस्त्यावरची धूळ, मागचं ऊन दिसणारा फोटो नुसत्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

लांब लेन्स खरी लागते ती चिमुकल्या पक्ष्यांना. बोटाएवढा शिंजीर दहा मीटरवर बसला असेल, तर २५० ला तो फ्रेमच्या उंचीचा जेमतेम सहावा भाग व्यापतो. पण इथंच एक गोष्ट मनात पक्की बसव. २५० ने दहा मीटरवरचा पक्षी जेवढा मोठा दिसतो, तेवढाच ५०० ने वीस मीटरवरचा दिसतो. म्हणजे अंतर निम्मं केलंस की लेन्स दुप्पट झाली, आणि तीही फुकट.

अंतर निम्मं करायचं म्हणजे पक्ष्याच्या अंगावर चालून जायचं, असं मात्र नाही हं. त्यालाच आपल्याकडे येऊ द्यायचं. वेडा राघू तारेवरून उडतो, हवेत माशी पकडतो आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो. खंड्याचीही ठरलेली फांदी असते. सकाळी ऊन पाठीशी घेऊन त्या जागेपासून थोडं दूर, मातकट कपड्यांत, खाली बसून राहा. पंधरा-वीस मिनिटांत ते तुला विसरतात. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे माणूस पायी दिसला की पळ काढतात, पण गाडीत गप्प बसलेल्या माणसाकडे फारसं लक्ष देत नाहीत. काच खाली, इंजिन बंद, लेन्स दारावर टेकवलेली. घरटं दिसलं तर मात्र तिथून निघायचं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा प्रकार तर कधीच करू नकोस. विणीच्या दिवसांत तो बिचारा नसलेल्या शत्रूशी भांडत राहतो आणि पिल्लांचं खाणं राहून जातं.

आता दुकानातलं. ५५-२५० वर 'आयएस एसटीएम' लिहिलंय ना, ते वाच. आयएस म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, एसटीएम म्हणजे फोकस करणारी शांत मोटर. वजन पावणेचारशे ग्रॅम, दिवसभर गळ्यात राहिली तरी मान दुखत नाही. स्वस्तातली ७५-३०० कुणी पुढे केली तर नको म्हण. तीनशेचा आकडा मोठा दिसतो, पण त्यात आयएस नाही आणि टोकाला चित्र मऊ पडतं. आणि आरएफ लिहिलेली कोणतीही लेन्स तुझ्या कॅमेऱ्यावर बसणारच नाही, ती मिररलेसची. उलट मात्र चालतं: उद्या तू मिररलेस घेतलास तर ही ५५-२५० अडॅप्टर लावून त्यावर ऑटोफोकससकट चालेल.

आयएसबद्दल एक गैरसमज असतो. ते तुझा हात सावरतं, पक्ष्याचे पंख नाही. उडता बगळा हवा असेल तर शटर १/१६०० च्या आसपास ठेव, त्यासाठी आयएसओ १६०० करावा लागला तरी कर. थोडे दाणे दिसले तर दिसू देत, हललेला फोटो नंतर कशानेच दुरुस्त होत नाही. फोकससाठी मधला एकच बिंदू वापर. तुझ्या कॅमेऱ्याच्या नऊ बिंदूंत तोच सगळ्यात भरवशाचा. आणि चोवीस मेगापिक्सेल आहेत तुझ्याकडे. लांबी-रुंदी निम्म्यावर कापलीस तरी सहा उरतात, दहा बाय सातचा छान प्रिंट निघतो.

बाकी मोठ्या लेन्सची गरज तुला नांदूर मध्यमेश्वरला जाणवेल, हे मी नाकारत नाही. चापडगावच्या मनोऱ्यावरून बदकं पार लांब पाण्यात असतात, आणि तिथं २५० कमीच पडते. अशा एका हिवाळी शनिवार-रविवारसाठी १५०-६०० भाड्याने आण. पुण्या-मुंबईत, आता नाशकातही, लेन्स भाड्याने देणारे आहेत. टॅमरॉनची असो की सिग्माची कंटेम्पररी, दोन्ही दोन किलोच्या आसपास. तासभर हातात धरून बघ, म्हणजे हप्त्यांच्या आधी खांद्याचं मत कळेल. टोकाला दोन्हींचं अ‍ॅपर्चर एफ ६.३, त्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडात फोकस इकडेतिकडे शोधत बसतो. त्यावर टेलिकन्व्हर्टर लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, १.४ च्या कन्व्हर्टरने एफ ९ होतं आणि तुझ्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बंद पडतो.

लेन्सचा टेकू मात्र स्वतःच शिव. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी, तिला चेन. रेल्वेत रिकामी न्यायची, तिथं पोचल्यावर दोन किलो तांदूळ भरायचे, परतताना तेच शिजवायचे. जिप्सीच्या कठड्यावर तिपाईपेक्षा ही पिशवी हजारपट बरी.

५५-२५० नवी परवडत नसेल तर सेकंडहँड घ्यायला माझी अजिबात हरकत नाही, फक्त नीट बघून. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लेन्समध्ये पाड आणि पुढून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातून, मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये हे फार दिसतं. कितीही स्वस्त असली तरी परत दे. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडाही चालेल, मागच्या काचेवरचा नको. झूमची कडी फिरवताना अडते का बघ, आयएस सुरू-बंद करून फरक दिसतो का बघ. बिल माग, आणि त्यावरचा नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवून बघ. घरी आणलीस की पावसाळाभर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेव, चामड्याच्या पिशवीत कोंडू नकोस.

दुकानात जाताना कॅमेरा आणि रिकामं कार्ड घेऊन जा. रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरं २५० ला टिप, एकदा एफ ५.६ वर, एकदा ८ वर, आणि पैसे द्यायच्या आधी ते फोटो मला पाठव. रविवारी सकाळी मी घरीच आहे.