आधी शून्य क्रमांकाचा सेक्टर वाचा

कुणाच्या घरी माळ्यावर जुना डेस्कटॉप पडून असेल आणि घरातला मुलगा किंवा मुलगी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असेल, तर तो डेस्कटॉप कबाडीवाल्याला देऊ नका. अशा बऱ्याच मशीनच्या बायॉसमध्ये साटा मोड ‘आयडीई’ करता येतो आणि डिस्क ड्रायव्हरची सुरुवात तिथेच सोपी पडते. तरी पहिला कोड क्यूएमू या एमुलेटरमध्येच चालवा. लिहिताना सेक्टरचा एक आकडा चुकला, की घरच्यांचे फोटो गेलेच.

बायॉसच्या इंटरप्ट १३ (हेक्स) वर विसंबू नका. तो बूटलोडरपुरता ठीक. प्रोटेक्टेड मोडमध्ये त्याला थेट हाक मारता येत नाही. म्हणून पहिला ड्रायव्हर एटीए पीआयओचा.

प्रायमरी चॅनेलचे पोर्ट हेक्स १एफ० ते १एफ७, कंट्रोल पोर्ट ३एफ६. कंट्रोलवर २ लिहून इंटरप्ट बंद करा. १एफ६ वर ई० आणि एलबीएचे (सेक्टरच्या पत्त्याचे) वरचे चार बिट, १एफ२ वर सेक्टरसंख्या, १एफ३ ते १एफ५ वर उरलेला पत्ता, शेवटी १एफ७ वर हेक्स २० ही वाचनाची आज्ञा. मग थांबायचे, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते. ड्राइव्ह निवडल्यावर सुमारे ४०० नॅनोसेकंद जाऊ द्यावे लागतात. त्यासाठी ३एफ६ चार-पाच वेळा नुसता वाचावा. स्टेटसमधला बीएसवाय (व्यस्त) बिट चढलेला असेपर्यंत बाकीच्या बिटांवर विश्वास ठेवू नये. तो उतरला की आधी ईआरआर (चूक) बघा, मग डीआरक्यू (डेटा तयार), आणि १एफ० वरून १६ बिटांचे २५६ शब्द उचला. स्टेटस एफएफ आला, तर तिथे ड्राइव्हच नाही. प्रत्येक लूपला मुदत घाला, नाहीतर कर्नल तिथेच गोठेल.

बूट होणाऱ्या इमेजचा शून्य क्रमांकाचा सेक्टर वाचून शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आले, की वाचन जमले. लिहिण्याची आज्ञा हेक्स ३०. तिच्यामागून ई७ देऊन कॅश रिकामी करा. एलबीए २८ मध्ये १२८ जीआयबीपर्यंतच पोहोचता येते, सरावाला तेवढे पुष्कळ. नमुना हवा असेल तर एमआयटीच्या एक्सव्ही६ या ऑपरेटिंग सिस्टिमची जुनी एक्स८६ आवृत्ती उघडा. तिचा आयडीई ड्रायव्हर एका बैठकीत वाचून होतो.

फाइल सिस्टिमला मात्र हे पोर्ट दिसता कामा नयेत. तिला फक्त ‘इतके सेक्टर, इथून, या बफरमध्ये’ एवढेच सांगता यावे. म्हणजे उद्या ड्रायव्हर बदलला तरी वरचा कोड हलत नाही.

पुढचा ड्रायव्हर एएचसीआयचा की एनव्हीएमईचा? पीसीआयवर पहिल्याचा क्लास ०१-०६-०१, दुसऱ्याचा ०१-०८-०२. एएचसीआयमध्ये कमांड लिस्ट, एफआयएस, कमांड टेबल अशी रचनांची उतरंड सांभाळावी लागते. एनव्हीएमई नवे म्हणून अवघड वाटते, पण ६४ बाइटची आज्ञा रांगेत ठेवायची, डोअरबेल वाजवायची आणि १६ बाइटचे उत्तर वाचायचे, एवढाच त्याचा गाभा. दोन्हींना फिजिकल पत्ता लागतो. पेजिंग चालू असताना व्हर्च्युअल पत्ता दिला, तर डेटा भलत्याच जागी उतरतो. मशीनमध्ये एनव्हीएमई असेल तर पीआयओनंतर सरळ तिकडेच वळा; एएचसीआय साटा डिस्कची गरज पडेल तेव्हा लिहा.